मृगाआधी गाडीचीही बेगमी

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कोकणातल्या कुठल्याही वाडीत फिरून बघा. कौलं चाळून झालेली असतात, लाकूडफाटा पडवीत रचला जात असतो, सुकी मासळी, कुळीथ, मिरच्या, फणसाची साठं डब्यांत जातात, सपक्याला आडोसा म्हणून झापं बांधली जातात. ७-८ जूनला मृग लागतो, त्याच्या आत सगळं आटपायचं. ही बेगमी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि तिच्यात ढिलाई केलेली घरातली म्हातारी माणसं खपवून घेत नाहीत. गाडीच्या वाट्याला मात्र एक निळी ताडपत्री आणि नायलॉनच्या दोरीचे दोन वेढे येतात. चाकरमानी रात्रीच्या एसटीने मुंबईला निघतो तो थेट गणपतीला येऊन दोरी सोडतो.

हे लिहितोय ते अशा गाड्या गावाला ठेवणाऱ्यांसाठी. आमच्याकडे दारातली मोटरसायकल हौसेची नसते. स्टेशन लांब, वडाप मिळालं तर मिळालं, आणि रात्री-बेरात्री घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर तीच एक सोय. त्यामुळे ती चतुर्थीच्या आदल्या दिवशी हटून बसली की सण एकीकडे राहतो.

संगमेश्वर तालुक्यात आमचं घर आहे. तिथे दीडशे सीसीची, कार्बोरेटरवाली जुनी गाडी असते. तिच्या एका पावसाळ्याची हकिगत सांगतो. त्या वर्षी गाडी स्वच्छ धुऊन पुसून पडवीत लावली होती, वर कोरी ताडपत्री, खाली जमिनीपर्यंत आवळून बांधलेली. चुलतभाऊ गावातच असतो. तो दर रविवारी ताडपत्री वर करून गाडी दोन-तीन मिनिटं चालू करायचा आणि फोन करायचा, "दादा, आज पण एका किकला लागली." गावात सगळे असंच करतात आणि यालाच गाडीची काळजी घेणं म्हणतात. श्रावणातल्या एका रविवारी ती लागली नाही. पुढच्या रविवारीही नाही.

गणपतीच्या तोंडावर जाऊन दोरी सोडली तेव्हा आतून कोंदट वास आला. सीटवर हिरवी-पांढरी बुरशी, हँडलच्या क्रोमवर पुरळ उठल्यागत गंज, चेन कडक झालेली. सायलेन्सरच्या पोटाला बोट लावलं तर पत्र्याचा पापुद्रा बोटाबरोबर निघून आला. एअर फिल्टरच्या डब्यात पेंढा आणि सीटचा फोम कुरतडून उंदरांनी घर केलं होतं. बॅटरी मेलेली. आणि एवढं होऊनही गाडीवर बाहेरून पावसाचा एक थेंब पडलेला नव्हता.

बाजारपेठेतून मेस्त्री आला. त्याने कार्बोरेटर उतरवला, खालची वाटी, म्हणजे फ्लोट चेंबर, सोडली आणि मला जवळ बोलावलं. वाटीत उरलेल्या पिवळ्या पेट्रोलच्या तळाशी एक थर वेगळा दिसत होता. वाटी कलती केली की तो वरच्या पेट्रोलमध्ये न मिसळता सरकायचा. मग त्याने पायलट जेट काढला, पितळेचा, करंगळीच्या नखापेक्षा बारीक, आणि उजेडाकडे धरला. त्याच्या मधोमध केसभर भोक असतं, त्यातून पलीकडचा उजेड दिसायला हवा. दिसत नव्हता. भोकावर राळेसारखा चिकट थर बसला होता. "भाऊ, ही पावसानं भिजलेली नाय," तो म्हणाला. "हिला घाम आलाय."

मला जे सांगायचंय ते सगळं या एका वाक्यापासून सुरू होतं. पावसाळ्यात कोकणातली हवा आठवडेच्या आठवडे ८५-९० टक्के आर्द्रतेची असते. शेणाने सारवलेली जमीन आणि जांभ्याची भिंत ओल वर ओढतात. प्लॅस्टिकची ताडपत्री जमिनीपर्यंत बांधली की ती ओल आत कोंडते, रात्री पत्रा आणि लोखंड गार पडलं की तीच ओल पाणी होऊन त्यावर बसते. सकाळी ती वाफ होते, रात्री पुन्हा बसते. वरून पडणारा पाऊस एक वेळ पुसून टाकता येतो. आतल्या आत रोज धरणारी ओल कोणाला दिसतच नाही.

रविवारच्या किकचा हिशेबही नीट समजून घ्यायला हवा, कारण हा सल्ला शहाणी माणसंसुद्धा देतात. पेट्रोल जळतं तेव्हा त्यातल्या हायड्रोजनचं पाणी होतं. एक लीटर पेट्रोल जळलं की जवळपास लीटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. लांब पल्ल्याच्या प्रवासात सायलेन्सर तापतो आणि ती वाफ बाहेर निघून जाते. दोन मिनिटं चालवून बंद केलेल्या गाडीत मात्र ती थंड सायलेन्सरच्या पोटात पाणी होऊन साचते, थोडी इंजिनच्या ऑइलमध्येही उतरते. म्हणून सायलेन्सर आतून बाहेर सडतो. शिवाय एवढ्याशा वेळात बॅटरीने सेल्फला दिलेली वीज भरून निघत नाही. माझा चुलतभाऊ मनापासून करत होता ते काम गाडीला महिनोन्‌महिने पाणी पाजत होतं. त्याला मी त्यात कणभरही दोष देत नाही. कोणीतरी त्याला हे सांगायला हवं होतं आणि सांगणारा कोणी नव्हता. गाडी एकतर तापून पंधरा-वीस किलोमीटर पळवावी, नाहीतर अजिबात चालू करू नये. भर आषाढात आमच्या घाटीतून एवढं पळवणं शक्य नसतं, तेव्हा दुसरा मार्ग धरावा.

आता जागेचं. सपका न पोचणारी, पण वारा खेळणारी जागा निवडावी. मागची पडवी सहसा बरी. भिंतीपासून हातभर अंतर सोडावं. गाडी डबल स्टँडवर लावावी आणि स्टँडखाली, पुढच्या चाकाखाली लाकडी फळी द्यावी, म्हणजे ओली जमीन थेट लागत नाही. टायरमध्ये नेहमीपेक्षा दोन-तीन पौंड हवा जास्त भरावी. वर झाकायला जुनी सुती चादर पुरते. धूळ अडते, हवा अडत नाही. पडवी गळकी असेल तर ताडपत्री जरूर बांधा, पण गाडीला गुंडाळू नका. वरती, वाशाला मांडवासारखी बांधा.

एक गोष्ट फारशी कोणी बोलत नाही म्हणून मुद्दाम सांगतो. लावणीच्या आधी खताच्या गोण्या येतात आणि त्याही त्याच पडवीत, गाडीला टेकून रचल्या जातात. खत हवेतलं पाणी शोषतं, पाझरतं, आणि त्याचा तो पाझर लोखंडाचा शत्रू आहे. आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीचा खताच्या बाजूचा फुटरेस्ट आणि स्टँड जेवढा खाल्ला गेला तेवढी दुसरी बाजू नाही. मिठाच्या पिशव्याही तशाच. गोठ्यात तर गाडी कधीच ठेवू नये. गोमूत्राच्या वाफेने तांब्याच्या तारा आणि कनेक्शनं हिरवी पडतात.

पेट्रोलबद्दल जरा विस्ताराने बोलायला हवं, कारण आजचं पेट्रोल आपल्या वडिलांच्या वेळचं राहिलेलं नाही. २०२३ पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल विकायला सुरुवात झाली आणि आता पंपावर बहुतेक तेच मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. थोडं पाणी ते पोटात ठेवतं. त्यापलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल दोघं पेट्रोलपासून फारकत घेऊन तळाशी बसतात. टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे जातं ते तळातूनच. म्हणजे गाडीला पहिला घोट मिळतो तो नेमका पाण्याचा. मेस्त्रीने वाटीत दाखवलेला थर तोच.

टाकी अर्धी ठेवली की वरच्या अर्ध्या भागात दमट हवा राहते आणि तिथला पत्रा आतून गंजतो. म्हणून गाडी ठेवणीत टाकण्यापूर्वीच्या शेवटच्या फेरीत टाकी भरून घ्यावी, गळ्याच्या जराशी खालपर्यंत, आणि मग घरी यावं. त्यामुळे ताजं पेट्रोल पुढच्या नळ्यांतही पोचतं. शहरात पेट्रोल टिकवणारं औषध मिळतं, ते शेवटच्या भरण्यात घातलं तर राळ धरायला वेळ लागतो. आत शिरलेलं पाणी मात्र त्याने नाहीसं होत नाही, त्यामुळे त्याच्यावरच भिस्त ठेवू नये. भरलेली टाकी घरात ठेवायची म्हणजे चूल, निरांजन, बंब यांच्यापासून ती लांब हवी. याबाबतीत तडजोड नको. पेट्रोलचा वास येत असेल तर आधी गळती शोधावी, मगच गाडी आत घ्यावी.

कार्बोरेटरवाली गाडी असेल तर घरी आल्यावर पेट्रोलचा कॉक बंद करावा, गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावी, आणि शेवटी फ्लोट चेंबरच्या तळाचा स्क्रू सैल करून उरलेले थेंब बाटलीत काढून घ्यावेत. पाच मिनिटांचं काम आहे. आमच्या गाडीचं जे झालं त्यातलं अर्धं याने टळलं असतं. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा गाड्या बहुतेक इंजेक्शनच्या आहेत, त्यांना कॉकच नसतो. त्यांचा पंप टाकीत पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि त्याच पेट्रोलने गार राहतो, म्हणून त्या गाड्यांचं पेट्रोल संपेपर्यंत चालवण्याचा प्रयोग करू नये. त्यांना भरलेली टाकी, एवढंच. २०२३ च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांचे रबरी भाग या पेट्रोलसाठी बनवलेले नाहीत. पेट्रोलची नळी वाकवून बघा. कडक झाली असेल, बारीक चिरा दिसत असतील, तर बदला.

बॅटरीचं शास्त्र सोपं आहे. पूर्ण भरलेली बॅटरी मीटरवर १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.४ च्या खाली बराच काळ राहिली की आतल्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कडक खडे धरतात आणि मग ती कितीही चार्ज केली तरी पहिल्यासारखी होत नाही. गाडीत लावून ठेवलेल्या बॅटरीतून घड्याळ, अलार्म, मीटर थोडी थोडी वीज खात राहतात. म्हणून ती काढावीच. आधी वजा टोकाची वायर, मग अधिकची. लावताना उलट. टोकं घासून व्हॅसलीनचा हात द्यावा आणि बॅटरी माजघरात लाकडी फळीवर ठेवावी. महिन्यातून एकदा चार्ज करावी. कायम चार्जरला लावून ठेवण्याचा सल्ला आमच्याकडे चालत नाही. वीज दिवसदिवस जाते, आणि येते तेव्हा विजांच्या कडकडाटात भडका घेऊन येते. चार्ज करायची ती उघडिपीच्या दिवशी, समोर माणूस असताना.

माझा भाचा कॅनडात ओंटारिओत असतो. त्याची गाडी ऑक्टोबरअखेर गॅरेजात जाते ती एप्रिलमध्ये बाहेर येते. आमच्या गाडीची अवस्था सांगितल्यावर त्याने तिकडची सगळी रीत समजावली आणि त्यातलं बरंच इथेही लागू पडलं: ताजं पेट्रोल, ठेवण्याआधी ऑइल बदल, बॅटरी बाहेर, मधेच चालू न करणं. पण जसंच्या तसं उचलण्यासारखं ते नाही. तिकडे थंडीत बॅटरी हळूहळू उतरते. फक्त ती भरलेली हवी, कारण भरलेली उणे ४० मध्येही गोठत नाही आणि उतरलेली शून्याच्या थोडं खाली गेलं की गोठून फुटते. आपल्याकडच्या उबेत ती भराभर उतरते. तिकडे पाण्याने गार होणाऱ्या इंजिनात न गोठणारं पाणी आहे की नाही ते बघावं लागतं. आपल्याला त्याची चिंता नाही. तिकडच्या गोठवणाऱ्या हवेत बाष्प फारसं नसतं, त्यामुळे त्याचं जाड कव्हर त्याला त्रास देत नाही. गाडी ठेवणीत टाकण्याबद्दलचे इंटरनेटवरचे व्हिडिओ बहुतेक बर्फाच्या देशांना डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात. कोकणातल्या माणसाने ते बघावेत, पण आपल्या हवेला ताडून.

ऑइल पावसाळ्यानंतर बदलू, असं सगळे म्हणतात. आधी बदला. वापरलेल्या ऑइलमध्ये जळणातून आलेलं पाणी आणि आम्ल असतं, ते तीन महिने बेअरिंगांना लागून राहतं. तेवढे पैसे तीन महिने आधी खर्च झाले, एवढाच फरक. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर स्वच्छ इंजिन ऑइल सोडावं, चावी बंद ठेवून हळूच दोन-चार किका माराव्यात, म्हणजे भिंतींना ते लागतं, आणि प्लग परत बसवावा. चेन रॉकेलने धुऊन, सुकवून, नव्वद नंबरचं ऑइल सढळ हाताने द्यावं. स्पोक आणि क्रोमवर ग्रीसचा पातळ हात फिरवावा, मात्र डिस्क, ब्रेक आणि टायर यांना तेलाचा स्पर्शही होऊ देऊ नये. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी त्याआधी गाडी गोड्या पाण्याने नीट धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवावी, खारट थर राहिला तर वरून कितीही ग्रीस लावा, खालून गंज चालूच राहतो.

उंदीर आणि कुंभारीण माशी या दोघांना कमी लेखू नका. उंदीर कोरड्या जागेच्या शोधातच असतात आणि वायरिंग कुरतडायला त्यांना एक रात्र पुरते. गाडीजवळ पेंढा, गोवऱ्या, भाताची पोती नकोत. सीटखाली आणि फिल्टरच्या डब्याजवळ कापडात बांधून डांबरगोळ्या ठेवतो, दर पंधरा दिवसांनी नव्या. कुंभारीण मातीचं घर करायला बारीक भोकं शोधते: सायलेन्सरचं तोंड, त्याच्या पोटाचं पाणी निघायचं भोक, टाकीच्या झाकणाची हवेची वाट. सायलेन्सर पूर्ण गार आणि कोरडा झाल्यावर त्याच्या तोंडात सुती फडक्याचा बोळा घालावा आणि त्याचं टोक बाहेर लोंबतं ठेवावं, म्हणजे चालू करताना विसर पडत नाही.

चुलतभावाला आता रविवारचं दुसरं काम दिलंय. चादर काढायची, उघडीप असली तर तासभर तशीच ठेवायची, मागचं चाक हाताने फिरवायचं, क्लच आणि ब्रेक दहा-बारा वेळा दाबून सोडायचे, नाहीतर क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटतात. उंदराच्या लेंड्या दिसल्या तर फोन. चावी आमच्या आईच्या डब्यात असते.

नदीकाठी किंवा बाजारपेठेत राहणाऱ्यांसाठी यातलं काहीच पुरेसं नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात घुसलं तेव्हा तळमजल्यावरच्या असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. जुन्या पुराची खूण जिथे असेल तिच्या वर गाडी नेता येत नसेल तर सरळ उंचावरच्या नातेवाइकांकडे ठेवावी. आणि बुडालीच तर चावीला हात लावू नका. आधी बॅटरी सोडा, ऑइल काढून बघा. दुधासारखं आलं तर आत पाणी आहे, आणि तशी गाडी फिरवली तर वाचण्यासारखं इंजिनही हातचं जातं. फोटो काढून विमा कंपनीला कळवा, मगच मेस्त्री.

विम्याचंही याच निमित्ताने. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर पुराचे किंवा चोरीचे पैसे मिळत नाहीत. गाडी उभीच आहे म्हणून जूनमध्ये संपलेला विमा भरायचा राहतो, आणि ९० दिवस उलटले की आजवर साठलेला नो क्लेम बोनसही जातो. ज्या वर्षी भाद्रपदाच्या आधी अधिक महिना येतो, त्या वर्षी गणपती सप्टेंबरच्या मध्यावर जातात, २०२३ मध्ये ते १९ सप्टेंबरला होते. जूनच्या पहिल्या आठवड्यात संपलेल्या विम्याची आठवण तेव्हा झाली तर ९० दिवस केव्हाच उलटून गेलेले असतात. अशा वर्षी पेट्रोलही तीन आठवडे जास्त थांबतं, हेही लक्षात असू द्या.

गाडी उघडताना आधी टॉर्च मारून सीटखाली, चाकांमागे नीट बघावं, साप-विंचू कोरड्या जागेला येतात. बोळा काढावा. कार्बोरेटरच्या गाडीत टाकीच्या तळातून कपभर पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून दहा मिनिटं ठेवावं. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करून धुतल्याशिवाय पुढे जाऊ नये. बॅटरी लावावी, हवा भरावी, ब्रेक खळ्यातच तपासावेत. पहिली काही मिनिटं धूर येईल, तो आपण सोडलेल्या ऑइलचा असतो, घाबरू नये. मग देवळापर्यंत जाऊन परत न येता चांगली वीस किलोमीटर पळवावी. हे सगळं चतुर्थीच्या आदल्या दिवशी करायला जाऊ नका. त्या दिवशी प्रत्येक गॅरेजबाहेर गाड्यांची रांग असते आणि मेस्त्रीला जेवायला सवड नसते. निदान आठवडाभर आधी, गावातल्या कोणाकडून तरी, करून घ्या. काही सुटा भाग लागलाच तर तो रत्नागिरीहून मागवायला तेवढे दिवस हाताशी राहतात.